दुपारचा प्रेक्षक

१

महिन्यातून दोन-तीनदा संध्याकाळी साडेसातला आम्ही तिघं टीव्हीसमोर बसायचो. मी, सासूबाई आणि सासरे. जेवण आधीच उरकलेलं असायचं, कारण त्या मालिकेतलं रक्त बघताना सासूबाईंना घास गिळवत नसे.

मालिका मेलेल्या माणसांची होती. परदेशातली, हिंदीत डब केलेली, नाव ‘उरलेले’. कसलीशी साथ येते, मेलेली माणसं उठून चालायला लागतात आणि जी थोडी जिवंत उरली आहेत ती या गावातून त्या गावात पळत राहतात. माझा नवरा प्रणय ती बघायचा. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी तिसऱ्या सीझनचा दुसरा भाग अर्धा बघून त्याने टीव्ही बंद केला, बाकीचा उद्या बघू म्हणाला, आणि रविवारी होडी घेऊन खाडीत चिंबोऱ्या पकडायला गेला. एरवी तो उरणला कंटेनर यार्डात सुपरवायझर होता. होडी नुसती सुट्टीची हौस. दुपारी होडी तिवरांत अडकलेली सापडली. प्रणय सापडला नाही. आठ दिवस शोधलं.

पुढचे भाग बघायची कल्पना सासऱ्यांची. जूनमध्ये कधीतरी टीव्ही लावला तर प्रणयच्या नावाखाली तो अर्धा राहिलेला भाग दिसला, चित्राखालची लाल पट्टी मध्यावर थांबलेली. सासरे म्हणाले, "लाव. बगू पुढं काय व्हतं." तेव्हापासून आम्ही हळूहळू बघत होतो. अर्ध्या तासात सासऱ्यांना डुलकी लागायची, मग तिथेच थांबायचं.

चौथ्या भागापासून मालिका अडली. सगळे जण बंदराकडे निघतात, तिथे शेवटचं जहाज उभं आहे. एक बाई मात्र घर सोडत नाही. तिचा नवरा मेलाय, परत आलाय आणि अंगणाच्या कुंपणापाशी उभा आहे. अंगावर धावून येत नाही, काही नाही. उभा. ती खिडकीतून बघते. बंदूक उचलते, खाली ठेवते. कडीला हात लावते, काढून घेते. भाग संपतो. पुढच्या भागात पुन्हा खिडकी.

"अरं काय लावलाय यो," सासरे वैतागायचे. त्यांचं नाव धर्मा. सगळा जन्म खाडीत गेला, वाट बघायची त्यांना सवय होती, पण ही वाट त्यांना सहन होत नव्हती. "दोन भाग झालं, ही बाय खिरकीतच. एक तर गोली घाल, नाय तर निंग तितून."

"तिला सुचत नसंल," सासूबाई म्हणायच्या.

"सुचायचं काय त्यात? जहाज काय तिच्यासाठी थांबनार हाय?"

"मुद्दाम लांबवतात, बाबा," मी म्हणायचे. "दहा भाग भरायचे असतात ना त्यांना."

मी वाढले कोपरखैरण्याला, आईवडील मूळचे कोकणातले. लग्न होऊन तळवलीत आले तेव्हा या घरातली बोली मला अर्धी कळायची. आता सगळी कळते.

२

मी सीबीडी बेलापूरला एका सरकारी ऑफिसात आवक-जावक बघते. आलेल्या प्रत्येक कागदावर तारीख आणि वेळ टाकायची, हेच काम. म्हणून असेल, मालिका कुठे थांबवली ते माझ्या लक्षात राहायचं. कोजागिरीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही पाचवा भाग बाविसाव्या मिनिटाला थांबवला. तीन दिवसांनी लावला तर पट्टी एकतिसाव्या मिनिटावर होती.

"तुम्ही पुढे बघितलंत का?" मी विचारलं.

सासरे म्हणाले, मला ते लावता कुठं येतं? खरं होतं. सासूबाईंचं नाव कमळी, त्यांना वाचता येत नव्हतं. रिमोटवरचं लाल बटण सोडून त्यांना दुसरं काही ठाऊक नव्हतं.

मग दीर. सूरज बायकोमुलांसह उरणला राहतो, आमचाच पासवर्ड वापरतो. मी त्याला फोन केला.

"वहिनी, ती मालिका मी कधीच सोडली," तो म्हणाला. "ती खिडकीवाली बाई डोक्यात जाते. सगळं गाव निघून गेलं, तू काय पूजा करतेस तिथे?" मग म्हणाला, "आई कशी आहे?"

"आहे."

"सर्वपित्रीचा राग गेला का?"

सर्वपित्रीला त्याने घरी येऊन प्रणयच्या नावाने पान वाढायचं का, असं विचारलं होतं. सासूबाईंनी त्याच्याकडे बघितलंही नव्हतं. "जित्या मानसाला पान वाढतात काय रं?" एवढंच म्हणाल्या. माझं मंगळसूत्रही त्यांनी काढू दिलं नव्हतं. मला काढायचं होतं का, हे मला कोणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

मी पासवर्ड बदलला. कोणालाच सांगितला नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी मोबाइलवर त्या मालिकेच्या चाहत्यांचा एक ग्रुप वाचायचे. चाहते कसले, सगळे चिडलेले. ‘चार भाग एकच खिडकी, लेखक झोपलाय का?’ ‘इतकी मूर्ख बाई मी आयुष्यात बघितली नाही.’ ‘साथीच्या पहिल्या दिवशी मेली असती तर आमचा वेळ वाचला असता.’ एकदा मीही लिहिलं, ‘तिला माहीत आहे तो मेलाय. मग वाट कसली बघतेय?’ त्याखाली दोनशेच्या वर अंगठे आले. शेजारच्या टेबलावरच्या वैदेहीने वाचून विचारलं, "तू असतीस तर काय केलं असतंस गं?"

"निघाले असते," मी म्हणाले.

वैदेहीने लगेच विषय बदलला. तिला वाटलं मला वाईट वाटलं असेल. मला काहीच वाटलं नव्हतं. त्या दिवसांत तसंच होतं.

३

पासवर्ड बदलून काही झालं नाही. पट्टी एकतीसवरून अडतीसवर गेली. मग बारावर आली, म्हणजे कोणीतरी मागे नेली होती. पुन्हा अडतीस. मी रोज ऑफिसातून आले की टीव्ही लावून फक्त ते बघायचे आणि बंद करायचे. अडतिसाव्या मिनिटाला काय आहे तेही बघितलं. बाई कडीला हात लावते.

घरात आणखी एकच गोष्ट बदलली होती. आमच्याकडे एक निळी प्लास्टिकची खुर्ची आहे, ती भिंतीला टेकलेली असते. आता ती रोज टीव्हीच्या अगदी पुढ्यात, हातभर अंतरावर दिसायची. प्रणयचे डोळे अधू होते आणि चष्मा त्याला नकोसा व्हायचा. तो तसा बसायचा.

मी खुर्ची मागे ठेवायचे. खालची लादी ओलसर असायची. सासूबाई म्हणायच्या, पुसली आत्ताच. दिवसातून दोनदा लादी पुसायची सवय त्यांना पूर्वी नव्हती.

मग आठवडाभर काहीच झालं नाही. पट्टी हलली नाही, खुर्ची हलली नाही. मला वाटलं, संपलं. टीव्हीत काहीतरी बिघाड असणार, अपडेट आला असणार. खुर्चीचं म्हणाल तर सासूबाई केर काढताना सरकवत असतील. मला हे सगळं पटत होतं. पण दिवाळीच्या अमावास्येला पट्टी पुन्हा हलली. त्यानंतरचे चार दिवस हलत राहिली आणि थांबली.

ऑफिसच्या कॅलेंडरवर मी त्या तारखांना पेन्सिलीने टिंबं केली होती. टिंबांचे दोन पुंजके झाले. एक पुनवेभोवती, एक अवसेभोवती.

त्या संध्याकाळी सासरे ओट्यावर बसले होते. मी विचारलं, "बाबा, खाडीला भरती कधी असते?"

"रोज येगळी. रोज पाऊन तास पुढं."

"आणि पुनवेला?"

"अमाशा-पुनवेला उधान. मोठी भरती. ती दुपारचीच." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "का गं?"

"असंच."

ते उठले, चपला घातल्या आणि समाजमंदिराकडे गेले. हल्ली ते तिथे फार जायचे. कुठल्या दिवशी जायचे, ते मी कॅलेंडरवर लिहिलं नव्हतं.

४

नोव्हेंबरात पुनव जवळ आली तशी मी दुपारी घरी फोन करायचं ठरवलं. निमित्त म्हणून गॅसवाला येऊन गेला का विचारायचं. एक वाजता सासूबाईंच्या मोबाइलवर लावला. बऱ्याच वेळाने त्यांनी उचलला.

"गॅसवाला आला होता का?"

"नाय आला."

त्यांच्या मागे मालिकेचं संगीत ऐकू येत होतं. ते मी कुठेही ओळखीन, एकच सूर लांबवलेला.

"टीव्ही लावलाय?"

"लागलाय."

"कोणी लावला?"

मागे संगीत थांबलं आणि कोणीतरी जीभ टाळूला लावून आवाज केला. च्. कोणी मूर्खासारखं वागलं की माणूस करतो तो. मालिकेतल्या लोकांनी चुकीचं दार उघडलं, जखमी माणसाला मागे टाकलं, दोन-दोनच्या जोड्या करून ते अंधारात गेले, की प्रणय तो आवाज करायचा आणि वर म्हणायचा, मरा आता. लग्नानंतरची पाच वर्षं मी तो आवाज स्वयंपाकघरातून ऐकला होता.

मी पुढच्या शब्दांची वाट बघितली. आले नाहीत. फक्त पुन्हा एकदा, च्. आणि मग तेच संगीत पुन्हा पहिल्यापासून.

"भाजी आनशील येताना," सासूबाई म्हणाल्या. "मेथी बग." फोन बंद झाला.

मी टेबलावरच्या कागदांवर वेळ टाकली. एक वाजून सात मिनिटं. संध्याकाळी मेथी घेऊन गेले.

५

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, अर्धी रजा टाकून मी दीड वाजता तळवलीत उतरले. समाजमंदिराच्या पायरीवर सासरे बसले होते. मला बघताच त्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. चष्मा त्यांच्या खिशात होता.

पुढचं दार आतून लावलेलं होतं. आमची झोपायची खोली वर आहे, तिला बाहेरून लोखंडी जिना आहे आणि आतूनही एक अरुंद जिना खाली टीव्हीच्या खोलीत उतरतो. मी बाहेरच्या जिन्याने वर गेले, चपला हातात घेतल्या, आणि आतल्या जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर बसले. जिना मध्येच वळतो, त्यामुळे तिथून खालचं काही दिसत नाही.

मालिका चालू होती. बाई श्वास घेत होती, मग कडीचा आवाज, मग कडी सोडल्याचा. च्. रिमोटचं बटण. पुन्हा श्वास, पुन्हा कडी.

"बग ना आता पुढं," सासूबाई म्हणाल्या. "किती येला तेच तेच?"

पुन्हा बटण, पुन्हा कडी.

मी पाण्याचे दोन घोट प्यायले. मला आठवतंय, मी स्वतःला समजावत होते की म्हातारी बाई एकटीच बोलते आहे, टीव्हीशी बोलते आहे, सगळेच बोलतात. रिमोट तिला येत नाही असं आपण धरून चाललो. शिकली असेल. नऊ महिन्यांत माणूस काय काय शिकतो.

मग बटण वाजेनासं झालं आणि बऱ्याच वेळाने टीव्हीचाही आवाज बंद झाला. फार वेळ कोणी काही केलं नाही की टीव्ही आपोआप थांबतो आणि पडद्यावर विचारतो, तुम्ही अजून बघताय का. ती शांतता मी ओळखत होते. स्वयंपाकघरात सासूबाईंनी ताट उचलून मोरीत ठेवलं, नळ सोडला. भांडी खळखळत होती. म्हणजे त्या टीव्हीपाशी नव्हत्या.

प्लास्टिकची खुर्ची करकरली. बटणाचा आवाज आला आणि संगीत सुरू झालं.

मी उठले, बाहेरच्या जिन्याने खाली आले आणि बसथांब्यावर जाऊन बसले. तिथे सहा वाजेपर्यंत होते. मग रोजच्या वेळेला घरी गेले.

६

बुधवारी संध्याकाळी सासूबाई विळीवर बोंबील साफ करत होत्या. मी तांदूळ धुवायला घेतले.

"आई, दुपारी कोण येतं?"

त्यांचा हात थांबला नाही. "काल तू आली व्हतीस. वरच्या पायरीवर पान्याची बाटली इसरलीस."

"कोण येतं?"

"तुला म्हाईत हाय."

तांदळाचं पहिलं पाणी मी ओतून दिलं. "कधीपासून?"

"गनपती गेलं तवापासून. मागच्या दाराशी उभा व्हता. दोन उधानं मी कडी नाय काढली." त्यांनी बोंबलाचं डोकं काढून बाजूला टाकलं. "मंग काढली."

"का काढलीत?"

"उन्हात उभा व्हता."

मी नळ सोडून तांदळाचं दुसरं पाणी घेतलं.

"बोलतो?"

"नाय."

"जेवतो?"

"वाढते मी. खात नाय. येतो, टीवी लावतो नि ती बाय बगतो. पानी उतरायला लागला की उठतो. मी नाल्यापरत सोडून येते. त्याला वाट गवसत नाय गं. इतक्या वरसांची वाट, नि गवसत नाय."

"तुमच्याकडे बघतो का?"

या प्रश्नाला मात्र त्या थांबल्या. विळीवरून उठल्या, हात धुतले, पदराला पुसले.

"माज्याकडं नाय बगत," त्या म्हणाल्या. "मदीमदी जिन्याकडं बगतो."

मी गॅस पेटवला. डोक्यात एक यादी केली, सूरजला कळवायचं, वाशीला डॉक्टरांकडे न्यायचं, मागच्या दाराला कुलूप घालायचं. यादी बरोबर होती. कोणीही माझ्या जागी असतं तर यातलं काहीतरी केलं असतं. मी म्हटलं, उद्या.

रात्रीचं आवरल्यावर सासरे म्हणाले, लाव जरा. सहावा भाग. बाई खिडकीतच होती. बंदरावर जहाजाने भोंगा वाजवला, तिने ऐकला, हलली नाही. सासऱ्यांनी नेहमीसारखं तोंड उघडलं, आणि काही न बोलता मिटलं. आम्ही तिघंही तो भाग शेवटपर्यंत बघत बसलो. कोणाला झोप आली नाही.

७

पुनव गुरुवारची होती. शुक्रवारी मी डबा घेऊन, साडी नेसून ऑफिसला म्हणून निघाले, कोपऱ्यावरून फिरून बाहेरच्या जिन्याने वर आले. अकराला सासऱ्यांच्या चपला वाजल्या, ते गेले. मी आतल्या जिन्यावर बसले. या खेपेला वळणाच्या खाली, जिथून खोलीचा थोडा तुकडा दिसतो. टीव्हीची कड, लादी आणि निळ्या खुर्चीचे पुढचे दोन पाय.

साडेबाराच्या सुमाराला मागच्या दाराची कडी निघाली. सासूबाई म्हणाल्या, "ये."

चालण्याचा आवाज फारसा नव्हता. खुर्ची ओढली गेली. टीव्ही लागला. चिखलाचा वास आला, ओहोटीनंतर खाडीला येतो तो, त्यात वाईट असं काही नव्हतं, या गावातल्या प्रत्येक घराला तो ओळखीचा आहे.

मी दोन पायऱ्या खाली सरकले. तेव्हा पाऊल दिसलं.

एकच पाऊल, उजवं, खुर्चीच्या पायाला लागून. पांढरट, फुगलेलं, कपडे खूप वेळ धुतल्यावर आपली बोटं होतात तसं. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब. ते मला माहीत होतं. घोट्यावर कालवं होती. जेट्टीच्या खांबांना धरतात तशी, एकावर एक, घट्ट बसलेली. खालची मोठी, वरची अगदी बारीक, नवीन.

मी ती मोजायला लागले. दुसरं काय करावं ते सुचलं नाही. नऊपर्यंत मोजली असतील, तेवढ्यात ते पाऊल लादीवर फिरलं. बोटं आधी टीव्हीकडे होती, ती जिन्याकडे झाली.

मी पाय वर ओढून घेतले आणि डोळे गुडघ्यांत घातले. टीव्ही चालू होता. च् असा आवाज या वेळी आला नाही. खालची पायरी करकरते, ती करकरली.

"चल," सासूबाई म्हणाल्या. आवाज जवळून आला, अगदी जिन्याच्या तोंडाशी. "तिला नको. मी येते. आज पार सोडते तुला. रोज नाल्यापासून मी मागं फिरते, म्हनून तू परत येतोस."

पायरी पुन्हा करकरली, वजन निघून गेल्यासारखी. टीव्ही बंद झाला. लाल बटण त्यांना येत होतं.

मागच्या दारातून त्यांनी रोज सकाळी मारायच्या तशी हाक मारली, "रुतिका, भात झाकून ठेवलाय गं."

मी खाली आले तेव्हा दार सताड उघडं होतं. मागे बोळ आहे, तो सरळ जाऊन शेवटच्या घरापाशी वळतो, पुढे नाला आणि खाडीची वाट. बोळात ऊन होतं. सासूबाईंची हिरवी साडी आणि त्यांच्या डाव्या बाजूला तो. पाठमोरा. मालिकेतल्या मेलेल्यांसारखा तो झोकांड्या देत नव्हता. नीट चालत होता. सासूबाईंची पावलं मागे पडत होती, आणि त्यांनी त्याचा दंड धरला होता, लग्नकार्याच्या गर्दीत मुलाचा धरतात तसा.

हाक मारली असती तर दोघंही वळली असती.

ती वळणावर दिसेनाशी झाली. मी दार लावलं आणि कडी घातली. मग ताट घेतलं. भात अजून गरम होता. मी जेवले.

८

सासूबाई संध्याकाळी आल्या नाहीत. सूरज उरणहून आला, गावातली माणसं बॅटऱ्या घेऊन नाल्याकडे गेली. रविवारी सकाळी त्या तिवरांत सापडल्या, नाला खाडीला मिळतो तिथून बऱ्याच आत. एकट्या. पाण्यात बुडून, असं डॉक्टरांनी सांगितलं. अंगावर कुठे खरचटलंही नव्हतं.

सूरज इस्पितळातल्या कागदांसाठी थांबला. त्याच दिवशी मी आणि सासरे जबाब द्यायला पोलीस ठाण्यात गेलो. सासऱ्यांना त्यांनी बाहेरच बसवलं, म्हाताऱ्या माणसाला कशाला त्रास म्हणून. लिहून घेणारे हवालदार सभ्य होते. त्यांनी मला चहा मागवला.

"तुम्ही त्यांना जाताना बघितलं?"

"हो. मागच्या दारातून."

"तुम्ही तर ऑफिसला होतात ना?"

"बरं वाटत नव्हतं, परत आले."

"मग हाक नाही मारली?"

"नाल्यापर्यंत जाऊन येतात त्या नेहमी," मी म्हणाले. "येतील असं वाटलं."

त्यांनी ते लिहिलं. "एकट्याच होत्या ना? तुमच्या शेजारच्या राजलक्ष्मीबाई म्हणतात, एकट्याच चालल्या होत्या, काहीतरी बोलत. मुलगा गेल्यापासून डोक्यावर परिणाम होता का?"

भिंतीवरचा पंखा आवाज करत होता. मी चहाचा कप खाली ठेवला. राजलक्ष्मीकाकूंची नजर चांगली आहे. माझीही चांगली आहे.

"एकट्याच," मी म्हणाले.

जबाब वाचून दाखवला, तो मी पुन्हा स्वतः वाचला, आणि सही केली. खाली तारीख आणि वेळही टाकली. ती त्यांनी मागितली नव्हती.

परत जाताना रिक्षात सासरे माझ्या शेजारी बसले. तळवलीचा फाटा आल्यावर त्यांनी विचारलं, "काय लिवून दिलंस?"

"आई एकट्याच होत्या म्हणून."

त्यांनी मान हलवली. "बरा केलंस." मग रिक्षावाल्याला ऐकू जाऊ नये म्हणून माझ्याकडे वाकून म्हणाले, "पन दोगं व्हती ना?"

मी त्यांच्याकडे बघितलं. नऊ महिन्यांत पहिल्यांदाच नीट बघितलं असेन. डोळे लाल होते, दाढी वाढलेली होती. समाजमंदिराच्या त्या पायरीवर ते किती दुपारी बसले असतील, ते मी मनातल्या मनात मोजलं.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

"मी बाप हाय त्याचा. मला बगवला नसता." त्यांनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात गार होता. "दोगं व्हती ना? तिनं नेला ना त्याला? तो मागं तर नाय ना रायला?"

"वळणापर्यंत दोघं होती, बाबा."

"आनि पुढं?"

"पुढचं मला दिसलं नाही."

त्यांनी माझं मनगट सोडलं. रिक्षा दारात थांबली. अडीच वाजून गेले होते. बोळातून भरतीच्या पाण्याचा वारा येत होता. पुढच्या दाराला मीच सकाळी कुलूप घातलं होतं, किल्ली माझ्याकडे होती. सासरे पायरीपाशी येऊन थांबले. चपला काढल्या नाहीत.

"तू जा आदी," ते म्हणाले. "बगून ये."

मी कुलूप काढलं आणि आत गेले.